सुटी घोडी

"असू द्या" हे दोन शब्द मास्तरांना अजिबात खपत नसत.

पँट आखूड करून घेतलेलं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं. एक पाय केसभर लांब आहे असं त्याला वाटायचं. "असू द्या मास्तर, चालतंय," ते म्हणायचं. मास्तर लगेच गुडघ्यावर बसायचे, तोंडात टाचण्या धरायचे आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणायचे, "चालत नाही. काढा ती."

नवे कपडे ते शिवत नसत. दुसऱ्यांनी शिवलेलं सरळ करायचं, हाच त्यांचा धंदा. वाकडी शिवण किंवा लोंबणारं बटण दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाची सुटलेली कॉलर त्यांनी त्याला न विचारता टाचली होती.

रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. दुकानात दोन मशिनं, एक आरसा, एक इस्त्रीचं टेबल. दुसऱ्या मशिनवर मास्तरीणबाई. काज त्या करत. गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही त्यांचंच, कारण मास्तरांच्या तोंडात टाचण्या असत.

अकरा वर्षांपूर्वी मशिनची सुई मास्तरांच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटातून आरपार गेली. बोट वाचलं, पण मधला सांधा धरला तो धरलाच. कापड सरकवायला ते बोट पुरत होतं. गिटारला पुरत नव्हतं. तरुणपणी मास्तर दर शनिवारी एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं घरी, जेवण झालं की. सुई लागल्यावर वर्षभराने त्यांनी गिटार भाच्याला देऊन टाकली आणि विषय मिटवला. मास्तरीणबाईंनीही तो काढला नाही. फक्त रेडिओवर गिटार लागली की त्या मशिन जोरात चालवायच्या.

दोन गल्ल्या सोडून रेडिओवाल्याचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्तीला आता कुणी आणत नसे. तो स्पीकर, ॲम्प्लिफायर, वाद्यं असं काय काय दुरुस्त करून विकायचा, पण नाव तेच राहिलं होतं. मास्तर त्याचा कोट द्यायला गेले आणि दारातच थांबले.

भिंतीवर एक छोटी गिटार टांगलेली होती. मधाच्या रंगाची. पोटावर दोन बाजूंना दोन वेलांटीसारख्या खाचा.

"लहान मुलांची का रे?"

"छे! वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे. इलेक्ट्रिक आहे, पण आतून पोकळ. ठोकून बघा. मुद्दाम आखूड बनवायचे तेव्हा. मानेवरचे पडदे, या धातूच्या पट्ट्या, जवळजवळ."

मास्तरांनी खिशातून टेप काढली आणि मान मोजली. मग डावा हात मानेवर ठेवला. आखडलेलं बोट बाजूला राहिलं आणि करंगळी आपोआप पुढच्या पडद्यावर पोचली. मास्तर हात काढेनात.

"मास्तर, कोटाचं काय?"

"कसला कोट?" हातावर टाकलेल्या कोटाकडे बघत ते म्हणाले.

सौदा झाला. वाफेची इस्त्री घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे गेले. "आठ दिवस वाजवा," रेडिओवाला म्हणाला. "नाही जमलं तर परत आणा, पैसे देतो. फक्त गेली तशी आली पाहिजे." गिटार गवसणीत घालता घालता त्याने आणखी एक सांगितलं. "घोडी सुटी आहे. असू द्या."

घोडी म्हणजे पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यावरून तारा जातात. रेडिओवाल्याला म्हणायचं होतं, तशीच राहू द्या. मास्तरांनी ऐकलं ते गिऱ्हाइकांचं "असू द्या". एवढा दोष आहे, गोड मानून घ्या. ते मनात म्हणाले, बघतो मी.

गवसणी बघून मास्तरीणबाईंनी मशिन थांबवलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, ती खुर्ची हलते. दुसरी घ्या."

मास्तरांनी आधी गिटार स्वच्छ करायला घेतली. गंजलेल्या सगळ्या तारा एकदम काढल्या. त्याबरोबर घोडी कलंडली आणि टेबलावर पडली.

"काय पडलं?"

"घोडी."

"कुठून?" मास्तरीणबाई हसल्या. "आता घोड्यावर बसायचं वय आहे का?"

घोडी जिथे होती तिथे पोटावर तिच्या पायांचे फिकट ठसे होते. तिरके. जाड तारांकडचा पाय मागे, बारीक तारांकडचा पुढे. आधीच्या मालकाचा हा गलथानपणा मास्तरांना पाहवला नाही. मऊ फडक्याने त्यांनी ठसे घासून पुसून टाकले. टेप लावून दोन खाचांच्या बरोबर मधोमध खडूची सरळ रेघ मारली आणि सुताराच्या पांढऱ्या गोंदाने घोडी त्या रेघेवर बसवली. रात्रभर वर इस्त्री ठेवली. सकाळी हलवून पाहिली. पहाडासारखी पक्की.

नव्या तारा चढवल्या. मोकळ्या तारा सुरेल लागल्या. मग मास्तरांनी दोन बोटं आणि करंगळी मानेवर ठेवली, आणि आवाज आंबट झाला. वरच्या पडद्यांवर जावं तसतसा आणखी आंबट.

त्यांनी पुन्हा सूर लावले, पुन्हा दाबलं, हलकं दाबलं, जोरात दाबलं. चार दिवस हे चाललं. हातातली कामं तुंबली. चौथ्या दिवशी त्यांनी ते आखडलेलं बोट उजव्या हातात धरून दुखेपर्यंत वाकवून पाहिलं.

"अहो!" मास्तरीणबाई ओरडल्या.

"मेलंय ते," मास्तर म्हणाले. "आणि सोबतच्यांनाही घेऊन गेलंय. कान म्हणतोय चूक, हाताला कळत नाही. उगाच आणली."

सातव्या दिवशी ते गिटार घेऊन रेडिओवाल्याकडे गेले. आता परत दिली की पुन्हा कुठल्याही गिटारला हात लावायचा नाही, असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

रेडिओवाल्याने गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. मग घोडीला अंगठ्याने ढकललं. घोडी ढिम्म.

"मास्तर, हे काय केलंत?"

"पक्की केली. तूच म्हणालास सुटी आहे."

"अहो, सुटीच असते ती! तारांच्या दाबाने उभी राहते. सरकवून सरकवून तिची जागा शोधायची असते. सरळ नसतेच ती जागा. तुम्ही तर शिवून टाकलीत!"

"म्हणजे माझं बोट..."

"बोटाला काय धाड भरलीय? मी वाजवलं तरी असंच वाजतंय की."

मास्तर स्टुलावर बसले. सात दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं आणि मग लगेच घाम फुटला. "आता निघेल का?"

"गरम केलं की गोंद मऊ पडतो. पण मी हात लावणार नाही. वरची फळी पापुद्र्याएवढी आहे, घोडीबरोबर उचकटून आली तर संपलंच. आणि मास्तर, परत घेण्याचं आता विसरा."

"परत कोण देतंय?" मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. मास्तरांनी इस्त्री तापवली. ती उलटी ठेवून तिच्या तापलेल्या तळावर लोण्याच्या सुरीचं पातं भाकरीसारखं टाकलं. मास्तरीणबाईंनी गिटार दोन्ही हातांनी धरली. जन्मात जेवढं शिवलं त्याहून जास्त मास्तरांनी उसवलं होतं. ओढायचं नाही, टाका आपण होऊन सुटेल तेवढीच वाट करून द्यायची, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. पातं तापवायचं, घोडीच्या पायाखाली सरकवायचं, मोजून दहा आकडे थांबायचं. पुन्हा तापवायचं.

"निघतंय का?"

"बोलू नकोस."

"मी श्वाससुद्धा घेत नाहीये."

तासाभराने एक बारीक आवाज झाला. टच्. दोघांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा घोडी मास्तरांच्या हातात होती. फळी शाबूत. फक्त नखाएवढं रोगण गेलेलं.

मग जागा शोधायची होती. पुसलेले ठसे तर आता परत येणार नव्हते. रेडिओवाल्याने कृती सांगितली होती. मधल्या, बाराव्या पडद्यावर तार नुसती शिवायची आणि छेडायची. मग तिथेच दाबून छेडायची. दोन्ही आवाज एक आले की जागा सापडली.

"तार शिवायची?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग तुम्हाला यायलाच हवं."

पण आठवडाभर तो आंबट आवाज ऐकून मास्तरांचा कानावरचाही विश्वास उडाला होता. मास्तरीणबाईंचा कान मात्र पक्का होता. मशिनची सुई बोथट झाली की त्यांना मागच्या खोलीतून कळायचं. त्या समोर बसल्या. मास्तर तार शिवायचे, छेडायचे, दाबायचे, छेडायचे.

"भांडतायत."

मास्तरांनी तार थोडी सैल केली, घोडीचा पाय सूतभर मागे सरकवला आणि सूर पुन्हा लावला.

"अजून भांडतायत. पण कमी."

आणखी सूतभर.

"आता अबोला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जवळ आले. सरकवा."

मास्तरांनी सरकवली. छेडली. मास्तरीणबाईंनी मान डोलावली.

सहाही तारा होईपर्यंत दुपार झाली. मास्तरांनी मागे होऊन बघितलं. घोडी तिरकी उभी होती. जाड तारांकडचा पाय मागे, बारीक तारांकडचा पुढे. मास्तरांचा हात टेपकडे गेला. मास्तरीणबाईंनी टेप आधीच उचलून मांडीखाली घेतली होती. त्यांनी खडू पुढे केला. मास्तरांनी घोडीच्या दोन्ही पायांभोवती बारीक रेघ मारली. तिरकी.

मग ते वाजवायला बसले. शनिवारी शेवटी वाजवायचे ती धून. करंगळी जिथे जायची तिथे गेली. आंबटपणा नव्हता. पोकळ पोटातून आवाज छातीला लागत होता. मास्तरीणबाईंनी एक शर्ट घेतला आणि बटण लावू लागल्या. मशिनकडे गेल्या नाहीत.

धून संपली.

"मध्ये काहीतरी गाळलंत," त्या म्हणाल्या.

"एक सूर. त्याला तेच बोट लागतं."

"असू द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि दातांनी दोरा तोडला.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.