लेकुरवाळ्या कुठं जातात

विद्यापीठाकडून आलेल्या अर्जाच्या नमुन्यातला सातवा रकाना मी सगळ्यात आधी भरला. ‘संशोधनात साहाय्य करणाऱ्या व्यक्तीचं नाव,’ असं त्यात इंग्रजीत विचारलं होतं. मी लिहिलं, कोणी नाही. लिहिताना थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करते. एकटीनं केलंय सगळं, असा तो अभिमान होता.

दुसऱ्या लढाईची सुरुवातीची वर्षं होती. मी भोरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., वय सत्तावीस, लग्न नाही. यातली शेवटची गोष्ट गावाला बोलायला पुरून उरायची, पहिलीशी कुणालाच कर्तव्य नव्हतं. शाळेत ‘शास्त्र’ म्हणून मी दात कसे घासावेत आणि पाणी कसं गाळावं हे शिकवायचे. आईवडील गेलेले, भाऊ लांब नागपूरकडे. भोरात येऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात माझ्या विषयावर मी कुणाशी एक वाक्य बोलले नव्हते. संध्याकाळी नीरेच्या काठाला जाऊन बसायचे आणि मनातल्या मनात स्वतःशीच वाद घालायचे. त्यातही बहुतेक वेळा हरायचे.

अनुदान मिळालं, तर दोन वर्षं शहरातल्या प्रयोगशाळेत एक टेबल मिळणार होतं. चांगला सूक्ष्मदर्शक मिळणार होता. आणि शेजारच्या टेबलावर माणसं असणार होती, ज्यांना मान वर न करता ‘हे बघा जरा’ असं म्हणता येतं. सूक्ष्मदर्शकाचं मी एवढं मनावर घेतलं नव्हतं. मला ती माणसं हवी होती. त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, असं तेव्हा वाटायचं.

विषय निवडला होता तो भातखाचरांच्या बांधातल्या खेकड्यांचा. शाकाहारी घरात भाड्यानं राहणाऱ्या बाईनं हा विषय घेऊ नये, एवढं मलाही कळत होतं. पण भोरात दुसरं काय मुबलक होतं? घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायच्या. माझ्या खोलीत रांजण आहे आणि त्यात काहीतरी खडबडतं, हे त्यांनी बरेच दिवस चालवून घेतलं. मग एक खेकडा निसटून त्यांच्या पूजेच्या ताम्हनाशी जाऊन बसला. त्यानंतर त्या माझ्या खोलीत आल्या नाहीत. नमुने ठेवायला मी परवाना काढून स्पिरिटच्या बरण्या आणल्या, तेव्हा तर शाळेच्या बाई दारू बाळगतात अशी बोलवा उठली. माझ्याकडे येणाऱ्या दोनचार बायका होत्या, त्यांचंही येणं थांबलं.

खेकडे आणून द्यायची ती डोंगरापलीकडच्या, वेळ्याच्या बाजूच्या एका वाडीतली शेतकरीण. चाळिशी उलटलेली, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. तिची धाकटी बहीण उत्रोलीला दिलेली होती. बाजाराच्या आदल्या दिवशी ती डोंगर उतरून बहिणीकडे वस्तीला यायची आणि सकाळी भोरात. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मावशी, मिळतील ते सगळे आणायचे. लहान, मोठे, नर, मादी. निवडायचे नाहीत.” ती “व्हय” म्हणाली होती. बदल्यात तिला रिकाम्या बाटल्या हव्या असायच्या, तेलातुपाला. ती पायरीवर बुट्टी ठेवायची, बाटल्या घ्यायची, पदरानं घाम पुसायची आणि जरा बसायची. मी तोवर आत जाऊन मोजमाप सुरू केलेलं असायचं.

मी स्वतः खाचरात का उतरले नाही, असं कुणी विचारील. एकदा उतरले होते, उत्रोलीच्या बांधावर, गुडघ्याएवढ्या चिखलात. अर्ध्या तासात बांधावर एवढी माणसं जमली, की तमाशा बरा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावून, मुलींपुढे आपण कशा दिसतो याचा विचार करावा, असं शांतपणे सुचवलं. तेव्हापासून मी पायरीवर येणाऱ्या बुट्टीवरच विसंबून राहिले.

त्या बुट्टीतून मला माझा प्रश्न सापडला. खेकड्याची मादी अंडी पोटाखालच्या रुंद झडपेत धरते आणि पिल्लं निघाली तरी बरेच दिवस तिथंच सांभाळते. हे पुस्तकात होतं. पण आषाढ गेला, श्रावण लागला, बुट्टीमागून बुट्टी आली आणि एकाही मादीच्या पोटाखाली एकही पिल्लू नाही. माद्या भरपूर, पण सगळ्या रिकाम्या. मग लेकुरवाळ्या जातात कुठं? मी विचार करून करून उत्तर काढलं. पिल्लं पोटाशी आली, की त्या खाचरं सोडून वर डोंगरातल्या झऱ्यांकडे जात असणार. याबद्दल आजवर कुणी लिहिलेलं नव्हतं. मी नकाशा काढला, बाण काढले, तीन पानांचं टिपण केलं आणि माझ्या जुन्या प्राध्यापकांना पाठवलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, की प्रश्न उत्तम आहे, अर्ज जरूर करा, मी शिफारस देतो. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं, की घडीवर फाटलं.

कचेरीतल्या टायपिस्टनं अर्ज टाइप करून दिला. लढाईमुळे कागदाची मारामार होती, त्यानं त्याच्या जपून ठेवलेल्यातून दिला. एकच रकाना उरला होता. अर्जदारानं जागा प्रत्यक्ष पाहिली आहे काय? पाहिली नव्हती आणि खोटं लिहायचं नव्हतं. गणपतीची सुट्टी लागली होती. घरोघरी माणसं आली होती, मला कुठं जायचं नव्हतं. बाजाराच्या दिवशी मावशीला म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते. तिनं माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, “त्या हितंच ठिवा.”

खिंड चढून वाडीवर पोचेपर्यंत दुपार कलली. तिनं घरात बुट्टी बदलली, इरलं डोक्यावर घेतलं आणि मला खाचरांकडे नेलं. बांधातल्या बिळात तिनं खांद्यापर्यंत हात घातला, खेकडा काढला, उलटा करून अंगठ्यानं झडप चाचपली आणि बुट्टीत टाकला. दुसरा टाकला. तिसरा चाचपला आणि परत बिळाच्या तोंडाशी ठेवून दिला. तो सावकाश आत गेला.

“मावशी, तो का सोडला?”

“लेकुरवाळी हाय ती.”

मला आधी काही कळलंच नाही. मग माझा नकाशा आठवला, त्यावरचे बाण आठवले.

“अशा किती सोडल्यात आजवर?”

“लई. ह्या दिसांत निम्म्या तशाच असत्यात. आमच्यात लेकुरवाळीला कुनी न्हेत न्हाई. आईपासनं चालत आलंय.”

“मी सगळे आणायला सांगितले होते ना? मला सांगितलं का नाही?”

माझा आवाज चढला होता. तिला राग आला नाही, नवल वाटलं.

“तुमी कुठं इचारलं? मला वाटलं, तुमाला ठावं आसंल. तुमी एवड्या शिकल्याल्या.”

तिनं पुन्हा बिळात हात घातला, एक मादी काढली आणि तळहातावर उलटी धरून माझ्यापुढे केली. झडप जरा उचलली. आत मसुराच्या दाण्याएवढी पिल्लं एकमेकांना धरून, दाटीवाटीनं. पाय हलत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा ते बघत होते. इतकं सुंदर वाटलं, की माझा अर्ज बुडाला हे क्षणभर विसरले. मग आठवलं, आणि बांधावर बसून रडले. मावशी मादी बिळाशी ठेवून माझ्या शेजारी बसून राहिली.

रात्र तिच्या घरी काढून दुसऱ्या दिवशी परतताना उतारावर मला चांगलंच सुचत होतं, की गप्प बसावं. प्राध्यापक वेळ्याच्या बांधावर थोडेच येणार होते? टेबल मिळालं असतं, माणसं मिळाली असती. वर्षभरानं ‘पुढील निरीक्षणात असं आढळलं’ म्हणून सावरून घेता आलं असतं. असं करणारे लोक मी पाहिले होते आणि ते काही वाईट लोक नव्हते. उत्रोलीपर्यंत मी जवळजवळ ठरवलं होतं. पण मनातल्या मनात शेजारच्या टेबलावरच्या माणसांना मी माझा प्रश्न समजावून सांगायला लागले, आणि दर वेळी तो अंगठा झडप चाचपताना दिसायचा. त्या माणसांशीसुद्धा मला खरं बोलता आलं नसतं. मग कशाला हवी होती ती?

शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले होते. मी टायपिस्टकडे गेले. नवीन अर्जात एवढंच होतं, की माद्या कुठंही जात नाहीत, पकडणारे त्यांना सोडतात, आणि या चालीचा खेकड्यांच्या संख्येवर काही परिणाम होतो का ते पाहावं. तो टाइप करून झाल्यावर वाचून म्हणाला, “बाई, आधीचा चांगला होता. यात काहीच राहिलं नाही.” मी त्याला सातवा रकाना रिकामा ठेवायला सांगितलं, हातानं भरीन म्हटलं.

घरी येऊन टाक बुडवला आणि तसाच धरून बसले. मला तिचं नाव माहीत नव्हतं. चार महिने दर बाजाराला ती पायरीवर येऊन बसत होती, तिच्या घरी मी राहून, जेवून आले होते, आणि मी तिला मावशी यापलीकडे काही विचारलं नव्हतं. शेवटी ‘एक शेतकरी स्त्री’ असं लिहून अर्ज टपालात टाकला. वर्षभर मला कुणी नाही म्हणून कुढत होते त्याची त्या दिवशी फार लाज वाटली.

दिवाळीनंतर उत्तर आलं. आभार, खेद, आणि अनुदान दुसऱ्या कुणाला. प्राध्यापकांनी वेगळ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की प्रामाणिकपणा आवडला, परंतु त्यात आता प्राणिशास्त्राचा प्रश्न उरलेला नाही. मी भोरातच राहिले. दात घासणं, पाणी गाळणं. ती बाजाराला यायची, पण अर्ज बुडाला, आता खेकडे आणू नका, असं मी सांगितलं होतं, म्हणून भाजी देऊन जायची.

पुढल्या श्रावणात एका बाजाराला ती बुट्टी घेऊन आली. वर ओलं फडकं, आत ओला पाला, आणि पाल्यात एकच मादी. लेकुरवाळी.

“तुमाला बगायची व्हती न्हवं? बगा. म्या सांजच्याला माघारी न्हेते.”

“परत? डोंगरावर?”

“मग? तिचं बीळ हाय तितं.”

मी मावशीला या वेळी पायरीवर ठेवलं नाही, आत बोलावलं. भिंगातून आधी मी पाहिलं, मग तिला दाखवलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. म्हणाली, “डोळं बी हायेत की वो त्यास्नी!” मी वही उघडून पिल्लं मोजायला लागले, तर तिनं माझा हात धरला. कुणाची पोरं मोजू नयेत, म्हणाली. मी वही मिटली. मग आम्ही बोलत बसलो. बीळ पावसात बुजलं तर मादी काय करते, पिल्लं आधी कुठला पाय सोडून उतरतात, उतरल्यावर आईला ओळखतात का. तिला माझ्यापेक्षा पुष्कळ माहीत होतं आणि जे माहीत नव्हतं ते तिनं मला विचारलं.

निघायच्या वेळी ती पाला पुन्हा भिजवत होती, तेव्हा मी तिचं नाव विचारलं. ती हसली.

“आता कशाला? आर्ज तर कवाच ग्येला तुमचा.”

पण तिनं सांगितलं. वहीत पिल्लांच्या आकड्याची जागा कोरी होती, तिथं मी ते लिहिलं. ती बुट्टी डोक्यावर घेऊन उत्रोलीच्या वाटेला लागली आणि मी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.