नववा पॉइंट

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम चेष्टेवारी नेल्या. आमच्या घराण्यानं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून अंगारे-धुपारे बंद. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

१९९८ चा उन्हाळा. मी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझी आत्या आटपाडी तालुक्यातली. तिच्या वस्तीला पिण्याचं पाणी दीड मैलावर आणि सरकारकडून एकच बोअर मंजूर - कोरडी गेली की विषय संपला. नारळ हातात धरून पाणी सांगणारा पाणाड्या यायला तयार होता, पण आत्यानं सगळ्यांना सुनावलं, "काय नगं. माजा भाचा शिकलाय, त्यो बगंल."

झालं, मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर! कॉलेजचं यंत्र नेलं, वीस-वीस मीटरवर जमिनीत करंट सोडून रीडिंगं घेतली. पाणी कुठं, किती खोल, हे काढायचा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला होता. तेव्हा ती भाषा मासिकाबरोबरच्या सीडीवर मिळालेली. लिहायला सोपी, पण चालायला बैलगाडी. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर पाच तास लागायचे आणि त्याआधी लाईट जायची. चार वेळा असंच झालं.

तेवढ्यात निरोप आला - बोअरची गाडी परवा येतेय. मग अख्खा प्रोग्रॅम सी भाषेत उतरवला. चार मिनिटांत उत्तर! पॉइंट नऊ, एकशे ऐंशी फूट. प्रिंट खिशात घालून एस.टी. पकडली.

टेपनं वीस-वीस मीटर मोजत जाऊन नवव्या पॉइंटवर खूण केली. दीडशे फुटांपर्यंत नुसता पांढरा धुरळा. बायका घागरी घेऊन उभ्या. मी खिशातली प्रिंट काढून परत परत बघत होतो, खोटं कशाला सांगू. आणि एकशे ऐंशीला पाणी उसळलं. आत्या भर चिखलात रडत होती.

संध्याकाळी सहज वही उघडली... रीडिंगं आठच होती. नववा पॉइंट मी मोजलाच नव्हता!

कराडला परतलो आणि चूक लगेच सापडली. सीमध्ये लूप, म्हणजे एकेक पॉइंट घेणारा फेरा, एकदा जास्त फिरला होता. पायथननं तिथंच अडवलं असतं. सी अडवत नाही, मेमरीत शेजारी जो कचरा असेल तोच आकडा समजून वाचते. म्हणजे आम्ही कचऱ्याच्या सांगण्यावरून बोअर मारली होती. चूक दुरुस्त करून पुन्हा चालवला, तर आठही पॉइंट कोरडे. चुकीचाही पुन्हा चालवून पाहिला - नवव्याची खोली कधी उणे, कधी लाखांत. एकशे ऐंशी पुन्हा कधीच नाही.

पुढच्या खेपेला आत्याला खरं सांगितलं.

"पानी ग्वाड हाय न्हवं?"

"हाय."

"मग कुनाला बोलू नगंस रं. उद्या गावातली लोकं देव म्हून पंपाला शेंदूर फासतील, आन् आमाला पुन्ना लांबनं पानी भराय लावतील."

तो एकशे ऐंशीचा आकडा आला कुठून, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. वस्तीचं नाव मात्र मुद्दाम लिहिलेलं नाही.