नऊ तास म्हणे!

मुंबई विमानतळाच्या दारात बाबा माझ्या ट्रॉलीचा दांडा सोडीनात. आई जाऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि मी एकुलती एक. "एवढ्या लांब कशाला गं?" एवढंच म्हणाले. त्यावर मी काय अक्कल पाजळावी? "लांब कसलं, बाबा? नऊ तास! पुण्याहून नागपूरला एसटीने जायला याहून जास्त लागतात." आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा तोऱ्यात मी म्हणाले होते.

बाबांनी ते खरं मानलं. बँकेत, बागेत, भाजीवाल्यापाशी सांगत सुटले, "लेक नेदरलँड्सला असते. नऊ तास फक्त."

आणि इथे नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आपण सगळी मराठी मंडळी तेच घोकतो. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला श्रीखंडाची वाटी हातात घेऊन कोणीतरी म्हणतंच, "डायरेक्ट फ्लाइट आहे ना, मग काय! सकाळी आठवण आली, रात्री घरी." कोण गेलंय हो असं? एक माणूस दाखवा मला. नवऱ्याची रजा, पोरांची शाळा, ऑफिसातल्या प्रोजेक्टची डेडलाइन, सगळं आटपेपर्यंत त्या आठवणीची एक्सपायरी डेट उलटून जाते. पण विमानाचा वेळ सांगायचा आणि आपलंच मन गोंजारायचं. शी! मीही त्यातलीच, वर तोंड करून बोलणारी.

गेल्या हिवाळ्यात सायकलवरून ऑफिसला निघाले होते, तेव्हा पुण्याहून बाबांच्या शेजारच्या जोशीकाकूंचा फोन आला. बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, जवळच्या माणसाची सही हवी. काकू सही करायला तयार होत्या. बाबांनी त्यांचा हात धरला. "थांबा. माझी लेक नऊ तासांत येते. ती आल्यावरच करा."

डायरेक्ट विमान भरलेलं. नवरा कामासाठी बर्लिनला, मुलीला कोणाकडे ठेवायचं म्हणून दहा फोन. दुसरं मिळालं, पण मध्ये विमान बदलायचं होतं, तिथे विमानतळावर सात तास खुर्चीत बसून काढले. मग पुण्याच्या वाटेवर घाटात ट्रक उलटलेला. मी फोनवर ओरडत होते, "बाबा, करू द्या ना काकूंना सही!" ते म्हणत, "अगं, येतेच आहेस ना तू?"

मी पोचले तेव्हा चौतीस तास झाले होते. बाबांना ताप चढला होता, छातीत कफ भरला होता. ऑपरेशन आणखी चार दिवस लांबलं. बाबा वाचले, पण वॉकर कायमचा हातात आला.

डिस्चार्जच्या दिवशी फिजिओथेरपीचा फॉर्म आला. बाबांचे दोन्ही हात वॉकरवर होते म्हणून पेन मी घेतलं. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, त्या रकान्यात माझं नाव लिहायला लागले. "तुझं नको गं," बाबा अगदी मायेने म्हणाले, "काकूंचं लिही. तुला कुठे जमणार?" त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इथे कोणी विचारलं की मी अजूनही घर पुण्याला आहे असंच सांगते. निर्लज्जपणा, दुसरं काय! त्या घरातल्या माणसाचं जवळचं कोण, तर जोशीकाकू. तसं लेखी आहे, माझ्याच अक्षरात.