शेजारचे काका आणि आमचे मागचे ब्रेक

स्टॅनमोरला आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या त्यांच्या ड्राइव्हवेवर दुरुस्त झाल्या आहेत. काढलेला प्रत्येक नट ते भांडी पुसायच्या जुन्या टी टॉवेलवर ओळीने मांडतात आणि गंजलेल्या बोल्टशीही पेशंटशी बोलावं तसं बोलतात, "झालंच हं आता."

आमच्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले आणि बायकोला सांगितलं, गॅरेजमधून बदलून आणले. गाडी खरखरू लागली तेव्हा म्हणालो, "नवे आहेत, बसतील." चार दिवस ती त्याच गाडीतून मुलीला शाळेत सोडत होती. हे ती आज पहिल्यांदाच वाचेल.

शेवटी काकांनी चाक उतरवलं. एक पॅड उलटा बसवलेला होता. त्याची लोखंडी बाजू डिस्कवर घासत होती.

"हे गॅरेजवाल्याचं काम नव्हे रे," ते हळूच म्हणाले.

बायको चहा घेऊन आली. "काय निघालं, काका?"

"हा सांगेल."

"गॅरेजवाल्यानं पॅड उलटा बसवला," मी म्हणालो.

काकांनी हात पुसले, कप घेतला आणि तिला म्हणाले, "पुन्हा आवाज आला तर गाडी तिथेच थांबवायची, पोरी. हा काहीही म्हणो."