वानखडे काकांच्या हाडावरची ती रेषा

काका गेल्याचा काकूंचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत लेझरसमोरची काच पुसत होतो. खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही... धसका बसला. आता त्या चार दिवसांबद्दल मला विचारणारं कोणी उरलं नाही, असं वाटलं.

वानखडे काका खुर्सीपारच्या कामगार वस्तीत आमचे शेजारी. माझे बाबा ठेकेदाराकडे मजुरी करत. घरात कॉलेज कोणी पाहिलेलं नव्हतं. माझा बी.एस्सी.चा फॉर्म काकांनीच भरला आणि मला न विचारता विषयापुढे ‘फिजिक्स’ लिहिलं. ते पोलादाच्या प्लांटच्या लॅबमध्ये होते. भट्टीतून पोलादाचा नमुना आला की तो घासायचा, त्यावर विजेची ठिणगी पाडायची आणि तिच्या उजेडावरून आत काय किती आहे ते सांगायचं. तोवर भट्टी खोळंबलेली. पुढे मी तेच हाडावर शिकलो. लेझरच्या बारीक ठिणगीच्या उजेडाचा आलेख काढला की त्यात हाडातल्या कॅल्शियमच्या रेषा दिसतात. कॅन्सरने पोखरलेल्या हाडात त्या बदलतात. ऑपरेशन चालू असतानाच कुठवर कापायचं हे डॉक्टरांना कळावं, यासाठी हा सगळा खटाटोप. पण अजून परवानगी आहे ती कापून काढलेल्या तुकड्यांपुरतीच.

मग काकांच्याच मांडीच्या हाडात गाठ निघाली. संमतीच्या कागदावर सही करताना ते हसले, “आजवर लोखंड तपासलं, आता तू मले तपास.”

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी तुकडा माझ्यासमोर आला. वरच्या कडेला, जिथे हाड निरोगी असायला हवं होतं, तिथे कॅल्शियमची रेषा खचलेली होती. म्हणजे गाठीचा काही भाग आतच राहिला असावा. हाड ॲसिडमध्ये मऊ करून तपासायला बरेच दिवस लागतात. असं काही दिसलं तर रुग्णाला सांगायचं नाही, पण आमच्या सरांना लगेच सांगायचं, म्हणजे पॅथॉलॉजीवाले ती कड आधी पाहतील, असा नियम. मी मात्र मशीनच चुकली असेल अशी मनाची समजूत घातली आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो.

“काय दिसलं रे?”

“नीट आलं नाही, काका.”

“नीट नाही आलं तं घासून पुन्हा ठिणगी मारा लागते. कावून नाही मारली?”

मी त्यांची चादर सारखी करू लागलो.

“पोट्ट्या, मी जित्ता हाय अन् तू माह्या हाडाले भेऊन राहिला?”

सरांना सांगितलं ते पाचव्या दिवशी. कडेला रोग निघाला. पुन्हा ऑपरेशन झालं; तोवर फुप्फुसातही डाग होते. ते आधीचेच असतील, चार दिवसांनी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते रोज स्वतःला ऐकवतो. अजूनही ठिणगी उडताना माझे डोळे मिटतात.

मागच्या आठवड्यात सर म्हणाले, काकांच्या हाडाचा तो आलेख आपण परिषदेत दाखवू. संमती होतीच, तरी मी काकूंना विचारायला गेलो. त्यांनी आधी तो पाहायला मागितला. फोनवर उघडून दिला. खचलेल्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं.

“हेच का?”

“हो. मला त्याच दिवशी दिसलं होतं, काकू. मी चार दिवस बोललो नाही.”

“त्याइले माहीत होतं.”

“कोणी सांगितलं?”

“तूच. तू वॉर्डातून गेला अन् मले म्हणे, पोट्ट्याच्या तोंडावर रिपोर्ट वाचला.”

“मग काका डॉक्टरांना का नाही बोलले?”

“मी म्हटलं ना! मी सांगते म्हटलं. तं म्हणे, त्याचं काम आहे, त्यालेच बोलू दे.”

म्हणजे तीन दिवस काका कॉटवर पडून माझ्या बोलण्याची वाट पाहत होते... फोनची स्क्रीन विझत होती. काकू बोट लावून तिला पुन्हा पुन्हा जागं करत होत्या.