सिमेंटचा किल्ला

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. निखिललाही नाही – आणि खरं तर आधी त्यालाच सांगायला हवं होतं. आई त्याची होती.

माझ्या सासूबाई साताऱ्याला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. पदर खोचून वर्गच्या वर्ग अजिंक्यताऱ्यावर न्यायच्या. किल्ल्याच्या दरवाजातून आत जाताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायच्या. लग्न होऊन मी इकडे जपानात, ग्योतोकुला आले, तेव्हा फोनवरचा त्यांचा पहिला प्रश्न – "तिकडे किल्ले आहेत का गं?"

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा गुडघा धरलेला होता. पण हट्ट एकच. हिमेजी. तो लाकडी, अस्सल, शेकडो वर्षं उभा असलेला किल्ला. त्याच्या तटाला दगड कमी पडले तेव्हा एका गरीब म्हातारीने आपलं जातं दिलं, अशी कथा त्यांनी कुठेतरी वाचली होती. "ते जातं अजून भिंतीत आहे म्हणे, मृणाल. मला बघायचंय."

निखिलला कावासाकीच्या ऑफिसातून सुटी मिळेना. "तू ने ना आईला," तो म्हणाला. मी हो म्हटलं. आणि मग – कसं सांगू? शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासन्‌तास जायचं, तसंच परत यायचं, मधे त्यांच्या गुडघ्याच्या चालीने चालायचं. आठवड्यातली माझी एकुलती सुटी. परक्या मुलखात एकटीने जायला मी घाबरले, असं सांगता आलं असतं. पण मी घाबरले नव्हते. मला कंटाळा आला होता. एवढंच.

सकाळी चहा देताना म्हणाले, "आई, हिमेजी दुरुस्तीसाठी बंद आहे. पण इथे जवळ एक आहे. तितकाच जुना."

त्यांचा चेहरा पडला, आणि लगेच सावरला. "चालेल की! किल्ला तो किल्ला."

तो किल्ला आमच्या आईवडिलांच्या पिढीत पुन्हा बांधलेला होता. सिमेंटमध्ये. बाहेरून पांढराशुभ्र, कौलांवर कौलं चढलेली – कुणीही फसावं असा. आई दारात थबकल्या, वाकल्या, उंबऱ्याला हात लावला. फाटकाशी पाटी होती. "काय लिहिलंय गं?" मला तेवढं जपानी येत होतं. 'पुनर्बांधणी' हा शब्द मी वाचला. आणि म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वीचा आहे, आई."

आत लिफ्ट होती. त्या हसल्या, "ही म्हाताऱ्यांसाठी," आणि जिन्याने निघाल्या. मधल्या मजल्यावर दम खायला थांबल्या. भिंतीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"मृणाल, हे सिमेंटसारखं लागतं गं हाताला."

तेव्हा तरी – तेव्हा तरी बोलायचं ना मी? "नाही हो आई. इथला चुना असाच असतो."

जन्मभर गडांच्या भिंतींवरून फिरलेला तो हात त्यांनी हळूच काढून घेतला. "असेल बाई. मला काय कळतं इथलं!"

साताऱ्याला परतल्यावर त्यांनी शेजारीपाजारी, जुन्या विद्यार्थिनी, सगळ्यांना त्या किल्ल्याबद्दल सांगितलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

गेल्या शरदात नोकरीच्या कामाने ओसाकाला जाणं झालं, आणि एक दिवस उरला. मी हिमेजीला गेले. का गेले? ठाऊक नाही.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर, सरळ रस्त्याच्या टोकाला तो दिसतो. मी तिथेच उभी राहिले. मागचे लोक वळसा घालून जात होते. जवळ गेल्यावर वाट सारखी वळत राहते. किल्ला हाताशी आला म्हणावं, तर दरवाजा आपल्याला उलट दिशेला पाठवतो. गोमुखी – हा शब्द मला आईंनीच शिकवलेला. तटात, जाळीआड, ते जातं होतं. खरंच होतं. केवढंसं!

आत बूट काढून पिशवीत घ्यायचे. पायाखाली लाकूड, किती पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेलं. मधोमध दोन खांब, तळापासून पार वरपर्यंत गेलेले – झाडंच ती, मजल्यामागून मजले आपल्यावर तोलून उभी. मी एकाला हात लावला. उबदार होता. लाकूड चारशे वर्षांनीही उबदार राहतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईंच्या हाताला ते क्षणात कळलं असतं.

शिडीसारख्या जिन्यांनी सगळ्यात वर पोचले, तर तिथे चिमुकलं देऊळ. एवढ्या बाण-बंदुकांच्या जंग्या, दगड टाकायच्या फटी, एवढी सगळी लढाईची तयारी – आणि माथ्यावर देव. एका जपानी आजींनी वाकून दोन टाळ्या वाजवल्या, डोळे मिटले. खिडक्यांतून वारा येत होता. इतकं भव्य काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मला तिथे हात जोडता आले नाहीत.

घरी आले. निखिलने पिशवी हातातून घेतली. "कसा होता हिमेजी?" मग, "आईला तेव्हा इथला दाखवलास, तसाच होता का गं?"

त्याचे डोळे भरून आले होते.

"हो," मी म्हणाले. "अगदी तसाच."