दीपकदादांनी न सांगितलेलं

त्या सोमवारी सकाळची मीटिंग सुरू झाली आणि दीपकदादा आलेच नाहीत. मी नांदेडला माझ्या घरी, प्रज्ञा बिलोलीला तिच्या घरी, बाकीचे दोघं पुण्यात. सगळे पडद्यावर वाट बघत बसलो. त्यांच्या नावाचा चौकोन उजळला तेव्हा हायसं वाटलं, पण आवाज बाईचा होता. "मी त्यांची मिसेस बोलायलेय. ते गेले हो... छातीत दुखायलंय म्हणाले न् दवाखान्यात नेईपर्यंत..." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेले?"

लातूरच्या घरात बसून दादा आमची टीम चालवायचे. परदेशातल्या एका कंपनीसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. पंधरवड्याचं काम ठरवायचं, त्याचे तुकडे करायचे आणि रोज सकाळी प्रत्येकानं सांगायचं : काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. बाकीच्या टीममध्ये हे पाढे म्हटल्यासारखं उरकतात. दादा मात्र शेवटच्या प्रश्नापाशी रेंगाळायचे. "अडलं की बोला बरं का. लपवलेलं लई महागात पडतं." आवाजात मास्तर होता. का, ते त्यांच्या माघारी कळलं. त्र्याण्णवच्या भूकंपात आई-वडील गेल्यावर मामांनी त्यांना लातूरला आणलं. गल्लोगल्ली क्लासेस निघायला लागले होते. तिथंच ते शिकले, तिथंच बरीच वर्षं गणित शिकवलं, आणि मग या कामात आले. रोज बोलणारा माणूस, आणि यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात प्रज्ञाच्या आईचं ऑपरेशन झालं. त्यात बिलोलीची वीज दुपारभर गायब. तिचं काम मागं पडलं, आणि तिला काढून दुसरं कुणी घ्या, असं परदेशी साहेबांनी सुचवलं. दादा आमच्यासमोरच त्यांना म्हणाले की काम लहान करू, माणूस तोच राहील. तिच्या कामाचे बारके तुकडे केले, काही आम्ही उचलले, आणि काम वेळेवर गेलं. विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

दादा गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी प्रज्ञा आणि मी लातूरला भेटायला गेलो. आम्हा दोघींचीही ती पहिलीच भेट. पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसणारी प्रज्ञा माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाली. दादांच्या पत्नी सुनीतावहिनींनी अंगणातली पत्र्याची खोली दाखवली. पक्कं घर असून दादा तिथंच काम करायचे. भूकंपापासून डोक्यावर स्लॅब असला की त्यांना सुचत नसे. चहा देता देता वहिनी सहज म्हणाल्या, "तसंही या महिन्याअखेर ते सोडणारच होते की. तुम्हाला बोलले न्हाईत?"

मग त्यांनीच सांगितलं. कंपनीला टीममधला एक माणूस कमी करायचा होता. दादांनी स्वतःचंच नाव दिलं होतं.

"माझ्यामुळं," प्रज्ञा म्हणाली. तिनं बशी खाली ठेवली. "माझंच काम मागं पडलं होतं ना, मलाच काढलं असतं."

"न्हाई गं बाई. मला म्हणाले, परत शिकवायला जातो, पोरं समोर बसलेली पाहिजेत." वहिनी कप उचलायला लागल्या. "मला तरी तसंच म्हणाले... खरं काय, त्यांचं त्यांना ठाऊक."

मला उलगडाच होत नाही. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी पुढच्या पंधरवड्याचं काम आमच्याबरोबर ठरवलं होतं, त्यातलं एक स्वतःकडेही घेतलं होतं. जाणारा माणूस असं करतो? की मन बदललं होतं? प्रज्ञासाठी सोडत होते, की थकले होते, की खरंच फळ्यापुढं उभं राहायचं होतं? मी राग धरू की हात जोडू, हेच कळत नाही. आणि ज्यांना मी एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नाही, त्यांच्यासाठी घरात रडले तर नवरा बिचारा गोंधळून बघतो.

आता सकाळची मीटिंग मी घेते. दादांची एक सवय होती : सगळे गेल्याशिवाय ते कधी निघायचे नाहीत. "चला, निघा तुम्ही, मी हाय," म्हणायचे. काल बोलणं संपलं, पुण्याचे दोघं गेले, प्रज्ञा तशीच थांबली.

"ताई, तुम्ही निघा ना."

"तू निघ. मी आहे."

ती हलली नाही. मीही नाही. दोघी एकमेकींकडे बघत बसून राहिलो... आधी कुणी निघायचं, तेच कळेना.